विरारची पहिली लोकल, समुद्रातली जमीन आणि अख्ख्या मुंबईला नादाला लावणारे प्रेमचंद रायचंद

विरार लोकल म्हटलं की गर्दी आठवते, दरवाजात लटकणारी माणसं आठवतात आणि चौथ्या सीटवरून होणारी भांडणं आठवतात. पण या लोकलचा पहिला दिवस फार कमी लोकांना माहीत आहे.

तारीख होती १२ एप्रिल १८६७. वाफेचं इंजिन लावलेली गाडी सकाळी पावणेसातला विरारहून निघाली. नालासोपारा, वसई, पाणजू, बोरिवली, अंधेरी, वांद्रे असं करत ती मुंबईत पोचली आणि संध्याकाळी साडेपाचला परत फिरली. दिवसाला जायला एक गाडी, यायला एक गाडी. बस्स.

या गाडीच्या शेवटच्या स्टेशनचं नाव चर्चगेट नव्हतं. ते होतं बॅकबे.

हे बॅकबे स्टेशन जिथं उभं राहिलं, त्या किनाऱ्याच्या जमिनीवरून दोनच वर्षांपूर्वी मुंबईतले हजारो लोक कंगाल झाले होते. आणि त्या सगळ्या खेळाच्या मध्यभागी एकच माणूस होता, शेठ प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ सालचा, सुरतेचा. जैन कुटुंब, परिस्थिती बेताची. वडील रायचंद दीपचंद पोटापाण्यासाठी मुंबईत आले आणि सोबत पोरगाही आला. प्रेमचंद एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. त्या काळात शेअरची दलाली करणारे हातावर मोजण्याइतके लोक होते. ते झाडाखाली उभे राहून सौदे करायचे आणि त्यांना इंग्रजी यायचं नाही. प्रेमचंद यांना ती लिहिता-वाचता-बोलता यायची. इंग्रजी जाणणारे पहिले देशी दलाल म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

रतनचंद लाला नावाच्या दलालाकडे त्यांनी उमेदवारी केली आणि थोड्याच वर्षांत बाजारात स्वतःचं नाव केलं. स्मरणशक्ती अफाट. सौदे डोक्यात ठेवायचे, असं सांगितलं जातं.

मग १८६१ उजाडलं आणि अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालायच्या. युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि कापूस बंद पडला. आता कापूस कुठून आणायचा? उत्तर होतं हिंदुस्थान. गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस मुंबईला यायचा आणि तिथून जहाजानं लिव्हरपूलला जायचा. भाव असे भडकले की लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या गोष्टी आजही सांगतात.

मुंबईत कोट्यवधी पौंडांची जादा कमाई झाली. हा पैसा ठेवायचा कुठं, हा नवाच प्रश्न उभा राहिला. लोकांनी कंपन्या काढल्या. जानेवारी १८६५ मध्ये एकट्या मुंबईत ३१ बँका आणि ८ जमीन कंपन्या होत्या.

जमीन कंपन्यांचं आणि रेल्वेचं नातं

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत सरकारनं रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची प्रचंड जमीन बहाल केली होती. कंपन्या ती शेतकऱ्यांना विकायच्या आणि त्या पैशातून रूळ टाकायच्या. म्हणजे रेल्वे कंपनी हीच मोठी जमीनदार.

हिंदुस्थानात गणित वेगळं होतं. इथं रेल्वे कंपन्या इंग्लंडमधल्या होत्या, त्यांच्या भांडवलावर सरकारनं ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. रुळांसाठी आणि स्टेशनांसाठी लागणारी जमीन सरकार फुकट द्यायचं, पण ९९ वर्षांच्या करारावर आणि रेल्वेच्या कामापुरतीच. प्लॉट पाडून विकायला नाही.

मुंबईत मात्र अडचण अशी होती की द्यायला जमीनच नव्हती. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बी.बी.सी.आय. रेल्वेचे रूळ गुजरातकडून वसईची खाडी ओलांडून नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आले. पुढं किल्ल्यापर्यंत आणि कुलाब्यापर्यंत जायचं तर एका बाजूला दाट वस्ती आणि दुसऱ्या बाजूला समुद्र.

मग एक शक्कल निघाली. खासगी कंपनीनं समुद्र हटवावा, त्यातली रेल्वेला हवी तेवढी पट्टी सरकारला द्यावी आणि उरलेल्या जमिनीवर प्लॉट पाडून पैसे कमवावेत. सरकारचा खर्च वाचणार, रेल्वेला जागा मिळणार, कंपनीला नफा होणार.

पूर्व किनाऱ्यावर हेच आधी ठरलं होतं. एल्फिन्स्टन लँड कंपनीनं जी.आय.पी. रेल्वेच्या टर्मिनससाठी १०० एकर भरून द्यायचे आणि बदल्यात २५० एकर स्वतःसाठी भरायचे, असा तो सौदा. पश्चिम किनाऱ्यासाठी बॅकबे रिक्लमेशन कंपनी उभी राहिली आणि तिच्या मागची ताकद होती प्रेमचंद रायचंद यांची.

चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतचा किनारा भरायचा, रूळ टाकायचे आणि समुद्राकाठी श्रीमंतांचे बंगले उभे करायचे, अशी ती योजना. रेल्वे हे निमित्त होतं, खरा डोळा बंगल्यांच्या जमिनीवर होता.

५ हजारांचा शेअर

बॅकबेच्या शेअरवर ५ हजार रुपये भरायचे होते. त्या काळी ही रक्कम म्हणजे साध्या माणसाची कित्येक वर्षांची कमाई. तरीही उड्या पडल्या. समुद्रातली बरीचशी जमीन अजून समुद्रातच होती, पण शेअरचा भाव चढत चढत ५० हजारांच्या घरात गेला.

शेअर कोणाला मिळणार हे बऱ्याच अंशी प्रेमचंद यांच्या मर्जीवर होतं. त्यामुळं त्यांच्या दारात गोरे अधिकारी, व्यापारी, वकील, कारकून सगळेच उभे असायचे. नवी कंपनी काढायची तर प्रेमचंद हवेत. कर्ज हवं तरी प्रेमचंद हवेत. बँक ऑफ बॉम्बेमध्ये त्यांचं वजन एवढं होतं की त्यांच्या शिफारशीवर लाखोंची कर्जं सुटायची. तारण काय, तर शेअर. म्हणजे शेअर गहाण ठेवून कर्ज काढायचं आणि त्या पैशातून आणखी शेअर घ्यायचे.

याच भरभराटीत प्रेमचंद यांनी हात सैल सोडला. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले, नंतर आणखी २ लाख मनोऱ्यासाठी दिले. त्या मनोऱ्याला आईचं नाव द्यावं, एवढी त्यांची इच्छा होती. कलकत्ता विद्यापीठालाही २ लाख दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती बंगालमध्ये आजही मानाची समजली जाते.

आणि मग फुगा फुटला

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. कापूस पडला तसे शेअर पडले. पुढच्या तारखेचे सौदे करून ठेवलेल्यांचा हिशेब १ जुलै १८६५ ला चुकता व्हायचा होता. तो दिवस उगवला तेव्हा देणेकरी सगळे होते, देणारा कोणी नव्हता.

जमीन कंपन्या एकामागून एक बुडाल्या. बॅकबेचा शेअर रद्दीच्या भावाला आला. बँक ऑफ बॉम्बेचं २ कोटींहून जास्त भांडवल जवळपास सगळं गेलं आणि १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्यात बँकेचा कारभार आणि प्रेमचंद यांना मिळालेली मोकळीक, दोन्ही चव्हाट्यावर आलं.

ज्यांच्याकडे गाठीला काही होतं ते तरले. पण ज्या विधवांनी, पेन्शनरांनी, छोट्या दुकानदारांनी बँकेत आणि शेअरात पुंजी घातली होती, त्यांचं नाव कुठल्याच मनोऱ्यावर कोरलं गेलं नाही. प्रेमचंद यांच्या दानाबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही.

प्रेमचंद स्वतःही बुडाले. वय होतं फक्त ३४. पण ते मुंबई सोडून गेले नाहीत. पुन्हा दलाली आणि कापसाचा व्यापार करत उभे राहिले. १८७५ मध्ये देशी दलालांनी संघटना बांधली तेव्हा तिच्या संस्थापकांत ते होते. तीच संघटना म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार. १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला. १९०६ मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी ते गेले.

त्या जमिनीचं पुढं काय झालं?

कंपनी बुडाली तेव्हा समुद्रात जेवढी भर पडली होती ती सरकारकडे आली. बंगल्यांचं स्वप्न गेलं, उरली रुळांपुरती चिंचोळी पट्टी. म्हणजे ज्या रेल्वेला निमित्त म्हणून पुढं केलं होतं, शेवटी तीच तेवढी खरी ठरली. १८६७ ची विरारची गाडी याच किनाऱ्यावर येऊन थांबली. १८७० मध्ये चर्चगेट स्टेशन आलं, नंतर रूळ कुलाब्यापर्यंत गेले.

विसाव्या शतकात सरकारनं बॅकबेची भर पुन्हा हाती घेतली. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झालं आणि गाड्या चर्चगेटला थांबू लागल्या. कुलाब्याच्या जागेवर आज रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे.

आणि रेल्वेनं जमिनीतून पैसा कमवावा की नाही, हा प्रश्न आजही संपलेला नाही. हाँगकाँगची मेट्रो स्टेशनांवर टॉवर बांधून कमावते. आपल्याकडे रेल्वेच्या मोकळ्या जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायला रेल्वे भूमी विकास प्राधिकरण आहे. त्यातून भाडं न वाढवता पैसा उभा राहतो, ही त्याची बाजू. पण भाड्यानं दिलेली जागा पुढच्या कित्येक दशकांत नव्या रुळांसाठी मिळत नाही, ही दुसरी बाजू.

ती दुसरी बाजू वसई-विरारकरांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. जादा गाड्या हव्यात तर जादा रूळ हवेत आणि जादा रूळ हवेत तर जागा हवी. आणि नव्या स्टेशनाची नुसती चर्चा सुरू झाली तरी आजूबाजूच्या प्लॉटचे भाव आधी पळायला लागतात, गाडी नंतर येते.

१८६४ मध्येही तसंच झालं होतं. तेव्हा प्लॉट पाण्यात होता, एवढाच काय तो फरक.