मांद्र्याचे भाऊ दाजी

डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव गाजले मुंबईत. मूळ मात्र पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे पूर्ण नाव. पोर्तुगीज अमलातील गाव सोडून हे सारस्वत कुटुंब इंग्रजांच्या मुंबईत गेले. वडील मातीच्या बाहुल्या विकत. मुलगा १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून पदवीधर झाला, पुढे दोनदा मुंबईचा शेरीफही. वैद्यकी सांभाळून त्यांनी अजिंठ्याच्या शिलालेखातून विस्मृतीत गेलेल्या वाकाटक राजांची वंशावळ उजेडात आणली. अशा संशोधकाच्या स्वतःच्या कुळाचा माग घ्यायचा, तर मांद्र्यालाच यावे लागते. १८७४ मध्ये ते निवर्तले. भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचे नाव मिळायला १९७५ उजाडले.