कडेवरचे मूल आणि ताराबाई

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कुणीतरी घडवला असेल हे मनातही येत नाही. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, कोणत्याही तालुक्यातल्या खेड्यात जा. मारुतीचे देऊळ असावे तशी तिथे अंगणवाडी असते. या शब्दामागे ताराबाई मोडक उभ्या आहेत, हे मात्र आपण विसरून गेलो आहोत.

ताराबाईंचा जन्म १८९२चा, माहेर केळकरांचे. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. मुलींनी चार बुके शिकली तरी गहजब व्हायचा अशा काळात त्या १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीत संसार मांडला, पण तो टिकला नाही. पदरी एक लहान मुलगी. रडत न बसता त्यांनी राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. मात्र लहान मुलांना शिकवायचे कसे, या प्रश्नाने त्यांना तिथेही स्वस्थ बसू दिले नाही. १९२३ साली मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

गिजुभाईंचे बालमंदिर मारिया माँटेसरींच्या विचारांवर उभे होते. दोन-अडीच वर्षांचे मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे. त्याला स्वतःच्या हाताने पाणी ओतायचे असते, गुंडी लावायची असते. मोठ्यांनी घाई न करता त्याला ते करू द्यावे, हा त्या विचारांचा गाभा. दोघांनी १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. १९३६पासून दादरच्या शिशुविहारात त्यांनी हेच काम शहरातल्या मुलांसाठी केले.

इथवर नाव झाले होते. इथे थांबल्या असत्या तरी चालले असते. पण माँटेसरींची महागडी साधने आणि शहरी घरांतली नीटनेटकी मुले एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. मग ताराबाईंनी सोपा मार्ग काढला. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ. अंगणवाडी जन्मली ती अशी. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी आणि खेळ. साधने म्हणजे शिंपले, बिया, खडे, पाने. एकेकाळी परदेशातून येणारी साधने आता गावच्या मातीतच सापडू लागली.

१९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेले. तिथे नवाच पेच समोर आला. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत यायला तयार असे, पण कडेवरच्या भावाचे काय करायचे? आईबाप मजुरीला गेलेले. तो रडू लागला की हिची पाटी बंद. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. धाकटा पाळणाघरात खेळे, मधला बालवाडीत आणि थोरली वर्गात. दोन वर्षांच्या मुलाची निगा राखली की त्याच्या बहिणीचे शिक्षण आपोआप वाचते, हे गणित त्यांनी कृतीने सोडवून दाखवले.

मला ताराबाईंची सर्वांत मोठी कामगिरी वाटते ती हीच. बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या पाहणीसाठी मी परभणी जिल्ह्यातल्या अनेक शिवारांत हिंडलो. कापसाच्या वेचणीत आई वाकून बोंडे वेचते आहे आणि बांधावर एक पोर दुसऱ्या पोराला सांभाळते आहे, हे चित्र किती वेळा पाहिले, त्याची गणती नाही. कर्जाच्या कागदावर बी-बियाणे, खत, मजुरी यांचे रकाने असत. त्या थोरलीच्या बुडालेल्या शाळेचा रकाना कुठेच नसे.

ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. सरकारने शब्द उचलला, अंगणही उचलले. पाळणा मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिला. अंगणवाडीत बसून शिकण्याची सोय तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याहून लहानांसाठी लसीकरण, वजन आणि घरी न्यायचा पोषण आहार. आई रानात गेल्यावर दिवसभर त्याला बघायचे कुणी, या प्रश्नाला अलीकडच्या काळात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याच्या योजनेने हात घातला आहे. म्हणजे ताराबाईंनी कोसबाडला मांडलेल्या बेरजेकडे आपण अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर वळतो आहोत.

गावात नवी अंगणवाडी बांधायची ठरली, की आपण खोली, रंग आणि फलक यांची चर्चा करतो. ग्रामसभेत एखाद्याने उठून एवढेच विचारावे, की या इमारतीत पाळण्याला जागा ठेवली आहे का? ताराबाईंच्या पुतळ्यापेक्षा तो प्रश्न त्यांना अधिक आवडला असता.