रेंजर्सच्या पहिल्या विजेतेपदाचे शिल्पकार लेस्टर पॅट्रिक

न्यूयॉर्क रेंजर्स या व्यावसायिक आइस हॉकी संघाने १९२८ मध्ये, आपल्या अवघ्या दुसऱ्याच हंगामात, स्टॅनले चषक प्रथमच जिंकला. या विजयाची आठवण निघाली की गोलरक्षकाच्या जागी उभे राहिलेले ४४ वर्षांचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक यांचे नाव हटकून घेतले जाते. तथापि, त्या एका रात्रीने त्यांचे त्याआधीचे मोठे कार्य काहीसे झाकोळले, असेच म्हणावे लागेल.

पॅट्रिक यांचा जन्म ३१ डिसेंबर १८८३ रोजी कॅनडातील क्विबेक प्रांतात, ड्रमंडव्हिल येथे झाला. माँट्रियल वाँडरर्सकडून खेळताना त्यांनी १९०६ व १९०७ मध्ये स्टॅनले चषक पटकावला. वडिलांचा इमारती लाकडाचा व्यवसाय १९११ मध्ये विकला गेला आणि त्या पैशातून लेस्टर व धाकटे बंधू फ्रँक यांनी पॅसिफिक किनाऱ्यावर स्वतःची लीग उभारली. तेथील सौम्य हिवाळ्यात नैसर्गिक बर्फाचा भरवसा नव्हता. म्हणून व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया येथे कॅनडातील पहिली कृत्रिम बर्फाची क्रीडागृहे बांधण्यात आली. मैदानावरील निळ्या रेषा याच लीगची देणगी. बर्फावर पडून पक, म्हणजे रबराची चकती, अडविण्याची मुभाही तिने गोलरक्षकाला दिली. पूर्वी ते नियमबाह्य होते.

पॅट्रिक यांच्या व्हिक्टोरिया कुगर्स संघाने १९२५ मध्ये स्टॅनले चषक जिंकला. परंतु पूर्वेकडील श्रीमंत क्लबांपुढे पश्चिमेचा निभाव लागेना. १९२६ मध्ये लीग मोडली, खेळाडूंचे करार विकले गेले. पंधरा वर्षांचे कष्ट असे संपले आणि पॅट्रिक नव्याने स्थापन झालेल्या रेंजर्सची सूत्रे घेण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. त्या संघातील बिल कुक, बन कुक आणि फ्रँक बूशे हे प्रमुख खेळाडूही पश्चिमेतूनच आले होते.

१९२८ च्या अंतिम मालिकेच्या वेळी रेंजर्सचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन सर्कशीला दिलेले होते. त्यामुळे सर्व सामने प्रतिस्पर्धी माँट्रियल मरून्सच्याच शहरात झाले. पहिला सामना रेंजर्सने गमावला. ७ एप्रिलच्या दुसऱ्या सामन्यात नेल्स स्टुअर्ट यांचा फटका गोलरक्षक लॉर्न शाबो यांच्या डोळ्यावर बसला. राखीव गोलरक्षक ठेवण्याची तेव्हा पद्धत नव्हती. ओटावाचे गोलरक्षक ॲलेक कॉनेल प्रेक्षकांत होते. पण त्यांना खेळविण्यास मरून्सने नकार दिला. अखेर कारकिर्दीत मुख्यतः बचावपटू राहिलेले पॅट्रिक स्वतः गोलपुढे उभे राहिले. बिल कुक यांनी गोल केला, स्टुअर्ट यांनी बरोबरी साधली. जादा वेळेत बूशे यांच्या गोलने रेंजर्सने २-१ असा विजय मिळविला. पॅट्रिक यांनी केवळ एकच गोल होऊ दिला होता.

चषक मात्र त्या रात्री हाती आला नव्हता. तिसरा सामना पुन्हा मरून्सने जिंकला. न्यूयॉर्क अमेरिकन्सकडून उसने मिळालेले गोलरक्षक जो मिलर यांना घेऊन रेंजर्सने चौथा सामना १-० असा आणि १४ एप्रिलचा पाचवा २-१ असा जिंकला. या दोन्ही सामन्यांतील तिन्ही गोल बूशे यांचेच होते.

रेंजर्सने १९३३ मध्ये पॅट्रिक यांच्याच प्रशिक्षणाखाली पुन्हा चषक जिंकला. १९४० मध्ये ते व्यवस्थापक होते, प्रशिक्षकपद बूशे यांच्याकडे होते आणि विजेत्या संघात लिन व मझ हे पॅट्रिक यांचे दोन्ही पुत्र खेळत होते. १ जून १९६० रोजी व्हिक्टोरिया येथे त्यांचे निधन झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस बंधू फ्रँक यांनीही जगाचा निरोप घेतला.