निजामशाहीचा आधारस्तंभ : मलिक अंबर

वाचकहो, मलिक अंबर हे नाव आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. गनिमी कावा आणि जमीनमहसूल या दोन मुद्द्यांपुरते ते लक्षात राहते व परीक्षा संपली की विसरले जाते. परंतु हा पुरुष आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून गेले की पुढे जे जुन्नर लागते, ते काही वर्षे त्याच्या राज्याची राजधानी होते. आणि ज्या राज्यासाठी तो आयुष्यभर झुंजला, त्या राज्याचा शेवट शहापूर तालुक्यातील माहुली किल्ल्यावर झाला. म्हणून त्याचे चरित्र आपण जरा सविस्तर पाहू.

मलिक अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबसाणात म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. मोखा, बगदाद अशा ठिकाणी त्याचे मालक बदलत गेले. बगदादच्या मीर कासीम या मालकाने मात्र या मुलाची बुद्धी ओळखली, त्याला लिहिणे-वाचणे व हिशेब शिकविले आणि अंबर हे नाव दिले. आईबाप, गाव, स्वातंत्र्य सारे काही गमावलेल्या त्या मुलाजवळ आता एवढीच शिदोरी होती. पुढच्या सगळ्या आयुष्यात तीच त्याच्या कामी आली.

१५७० नंतरच्या काळात तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः एके काळचा हबशी गुलाम! त्याच्या हाताखाली अंबरने राज्यकारभार व युद्धकला जवळून पाहिली. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. काही काळ त्याने विजापूरकरांकडे चाकरी केली आणि १५९५ च्या सुमारास मोजक्या स्वारांनिशी तो अहमदनगरला परतला.

त्या वेळी निजामशाहीत काय चालले होते? गादी एक आणि सरदार अनेक! प्रत्येक गटाने आपापला राजा उभा केला होता. मियाँ मंजूचा राजा वेगळा, इखलासखान हबशाचा वेगळा, अभंगखानाचा वेगळा आणि चाँदबीबीने जपलेला बालराजा बहादूर तर वेगळाच. या भांडणात मियाँ मंजूने मदतीसाठी मोगलांना बोलावले. चाँदबीबीने पहिला वेढा मोठ्या शौर्याने परतविला, परंतु १६०० साली तिच्याच माणसांनी तिला ठार केले. अहमदनगर पडले आणि बालराजाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. घरातल्या भांडणासाठी बाहेरचा पंच आणला की घरच जाते, हा धडा दख्खनने तेव्हा फार मोठी किंमत देऊन घेतला.

राजधानी गेली, राजा गेला. पण अंबर खचला नाही. त्याने राजघराण्यातील मुर्तझा या तरुणाला परांडा किल्ल्यात गादीवर बसविले व आपली मुलगी त्याला दिली. मोगलांशी लढताना १६०२ मध्ये नांदेडजवळ तो जखमी झाला. त्याच वेळी घरातही एक प्रतिस्पर्धी उभा होता. दौलताबादच्या बाजूचा मुलूख बळकावून बसलेला राजू दखनी अंबरचे वर्चस्व मानीत नव्हता आणि खुद्द सुलतान त्याला आतून फूस देत होता. १६०७ मध्ये अंबरने राजूला पकडून कैद केले. त्यानंतर राजधानी जुन्नरला व पुढे दौलताबादला आली.

वाचकहो, अशी उदाहरणे जगात इतरत्रही आहेत. चीनमध्ये हान घराण्याच्या पडत्या काळात त्साव त्साव या सेनापतीने इ. स. १९६ मध्ये सम्राटाला आपल्या ताब्यात घेतले व त्याच्या नावाने राज्य केले. तो स्वतः गादीवर बसला नाही. अंबरनेही तेच केले. मात्र येथे चरित्रकाराला डोळे झाकून चालणार नाही. १६१० मध्ये सुलतान मुर्तझाचा विषप्रयोगाने अंत झाला. सुलतानाच्या पट्टराणीने अंबरच्या मुलीला गुलामाची मुलगी म्हणून हिणविले, त्यावरून अंबरनेच हे करविले, असे एका डच व्यापाऱ्याच्या वृत्तान्तावरून दिसते. नंतर पाच वर्षांचा मुलगा गादीवर आला आणि सत्ता पूर्णपणे अंबरच्या हाती गेली. मोठ्या माणसाचे मोठेपण सांगताना त्याचे काळे पानही उघडेच ठेवले पाहिजे.

मोगलांची फौज व तोफखाना प्रचंड होता. त्यापुढे मैदानात उभे राहणे अंबरला परवडणारे नव्हते. म्हणून त्याने हलक्या घोडदळावर भर दिला. शत्रूची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि डोंगरात दिसेनासे व्हायचे, ही ती पद्धत. या फौजेत हबशांबरोबर मोठा भरणा मराठ्यांचा होता. हे युद्ध धर्माधर्मांचे नव्हते हे यावरून ध्यानात यावे. लखुजी जाधव अंबरला सोडून मोगलांकडे गेले व १६१६ मध्ये रोषणगावला अंबरचा पराभव झाला. तर शहाजीराजे व शरीफजी हे भोसले बंधू १६२४ मध्ये भातवडीला अंबरच्या बाजूने लढले. तेथे मोगल व विजापूरकर या दोन्ही फौजा एकत्र चालून आल्या होत्या. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या तळाभोवती चिखल झाला आणि त्याने मोठा विजय मिळविला. शरीफजी त्या लढाईत कामी आले.

बादशहा जहांगीरचा अंबरवर इतका राग, की आपण अंबरच्या तुटलेल्या शिरावर बाण सोडीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. रणांगणात जे जमले नाही, ते कागदावर!

परंतु लढायांपेक्षा अंबरचे खरे काम वेगळे आहे. त्याने महसुलाचे मक्ते देण्याची पद्धत बंद केली. जमिनीची प्रत व प्रत्यक्ष आलेले पीक पाहून सारा ठरविला. तो साधारणपणे पिकाचा दोन पंचमांश असे. पीक बुडाले की साराही उतरे. गावगाडा त्याने मोडला नाही. ‘मलिक अंबरी धारा’ हे नाव मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकले. खडकी हे शहर त्याने वसविले, तेच पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने नहर-ए-अंबरी बांधून जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर, पाणी खेळविले.

१४ मे १६२६ रोजी वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास त्याचे निधन झाले. खुलताबादला त्याची कबर आहे. मोगल दरबारच्या मुतमदखान या इतिहासकारानेही त्याच्या कर्तृत्वाला मनमोकळी दाद दिली.

पुढे काय झाले? अंबरचा मुलगा फतेहखान बापाच्या जागी आला, पण बापाचा विवेक त्याच्याजवळ नव्हता. त्याने आपल्याच सुलतानाला मारले, दुसरा मुलगा गादीवर बसविला आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. तो मुलगाही ग्वाल्हेरला गेला. त्यानंतर शहाजीराजांनी आणखी एका बालराजाच्या नावाने तीन वर्षे झुंज दिली. मोगल व विजापूरकर एक झाल्यावर ते माहुलीच्या आश्रयाला आले. १६३६ मध्ये वेढा पडला, किल्ला सोडावा लागला आणि तो तिसरा मुलगाही ग्वाल्हेरच्या वाटेला लागला. १४६ वर्षांची निजामशाही आपल्या या डोंगरावर संपली.

अंबरच्या मागे अवघ्या दहा वर्षांत राज्य बुडाले, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. ज्या राज्याची सारी मदार एकाच माणसावर असते, ते त्या माणसाबरोबरच जाते. त्याने राजे उभे केले, ते उरले नाहीत; किल्ले राखले, तेही गेले. शेतकऱ्याला परवडेल असा सारा आणि शहराला पाणी देणारी नहर या गोष्टी मात्र त्याच्या शत्रूंनाही मोडाव्याशा वाटल्या नाहीत.

आणि वाचकहो, बाजारात विकल्या गेलेल्या एका मुलाला कोणीतरी अक्षरओळख करून दिली, तेथून हे सर्व सुरू झाले. आपल्या पाड्यावर, मोहल्ल्यात, गुरांमागे फिरणाऱ्या एखाद्या मुलात काय दडले आहे हे आज कोणास ठाऊक? त्याच्या हाती पाटी-पेन्सिल देणे एवढे तरी आपल्या हातात आहे.