नवलमल फिरोदिया

नवलमल कुंदनमल फिरोदिया (१९१० – १९९७) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक व उद्योजक होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मालवाहतुकीसाठी बनलेल्या स्कूटरच्या जातीच्या तीनचाकीचे प्रवासी वाहनात रूपांतर करण्याची कल्पना त्यांनी मांडली आणि ती शासनाकडून मान्य करवून घेतली. भारतातील ऑटोरिक्षेचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. बजाज टेंपो (आताची फोर्स मोटर्स) या कंपनीचे ते संस्थापक होते. त्यांचा जन्म महाराष्ट्रातील अहमदनगर (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) येथील एका जैन कुटुंबात झाला.

कौटुंबिक पार्श्वभूमी

नवलमल यांचे वडील कुंदनमल सोभाचंद फिरोदिया हे नगरमधील नामवंत वकील व काँग्रेसचे कार्यकर्ते होते. नगरकर त्यांना भाऊसाहेब या नावाने ओळखत. स्वातंत्र्याच्या आगेमागे ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते आणि १९५२ पर्यंत ते या पदावर राहिले. नगर शहरातील भाऊसाहेब फिरोदिया हायस्कूल त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वकिली, सार्वजनिक काम आणि राष्ट्रीय चळवळ या तिन्ही गोष्टी घरात एकत्र नांदत असल्यामुळे नवलमल यांच्यावर लहानपणापासून गांधीविचारांचा संस्कार झाला.

त्या काळचे नगर हे राजकीयदृष्ट्या जागे शहर होते. रावसाहेब व अच्युत हे पटवर्धन बंधू याच शहरातले. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झालेल्या जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यातच स्थानबद्ध करण्यात आले होते.

शिक्षण आणि स्वातंत्र्यलढा

नवलमल यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. वडिलांप्रमाणे वकिली करीत राहणे हा त्यांच्यापुढचा सरळ मार्ग होता. परंतु ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि त्यासाठी त्यांना कारावासही भोगावा लागला. स्वातंत्र्य मिळाल्यावर या पिढीतील अनेकजण राजकारणात गेले. वडील विधानसभेच्या अध्यक्षपदी असल्याने नवलमल यांनाही ती वाट मोकळी होती. त्यांनी मात्र उद्योगाचे क्षेत्र निवडले. देशाला लागणाऱ्या वस्तू देशातच तयार व्हाव्यात, हा स्वदेशीचा विचार त्यांच्या या निवडीशी सुसंगत होता. यंत्रशास्त्राची पदवी नसलेला एक वकील वाहनांच्या व्यवसायात शिरला, हे त्यांच्या चरित्राचे एक वैशिष्ट्य आहे.

ऑटोरिक्षेची कल्पना

त्या वेळी भारतीय शहरांतील सामान्य माणसाचे भाड्याचे वाहन म्हणजे टांगा, सायकलरिक्षा किंवा माणसाने ओढायची हातरिक्षा. रिक्षा हा शब्द जपानी 'जिनरिकिशा' या शब्दाचा संक्षेप असून माणसाच्या बळावर चालणारे वाहन असा त्याचा अर्थ आहे. महाराष्ट्रातील शहरांत टांग्यांचे प्राबल्य होते, तर कोलकात्यासारख्या ठिकाणी हातरिक्षा रूढ होती. एका माणसाने दुसऱ्या माणसाला ओढून न्यावे, ही गोष्ट गांधीविचाराने वाढलेल्या माणसाला खटकणारी होती. मोटारटॅक्सी हा त्यावरचा पर्याय असला तरी तिचे भाडे सामान्यांना परवडणारे नव्हते.

याच सुमारास युरोपात एक नवे वाहन आले होते. इटलीतील पियाज्जो कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर बाजारात आणली. कोराडिनो दास्कानियो हे तिचे रचनाकार होते. युद्धानंतरच्या टंचाईत छोट्या व्यापाऱ्यांना मोटार घेणे शक्य नसल्याने त्याच स्कूटरच्या मागील भागी दोन चाके व माल ठेवण्याची पेटी जोडून 'आपे' ही तीनचाकी तयार करण्यात आली. अशा मालवाहू तीनचाकीचे छायाचित्र एका नियतकालिकात नवलमल यांच्या पाहण्यात आले आणि माल वाहणाऱ्या या गाडीतून माणसे का नेता येऊ नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला, असे सांगितले जाते. मुंबईतील बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही बजाज परिवाराची कंपनी १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकू लागली होती. फिरोदिया व बजाज या दोन कुटुंबांचे सहकार्य या व्यवसायात जुळून आले.

रूपांतराचे स्वरूप

मालवाहू तीनचाकीची प्रवासी रिक्षा करणे म्हणजे केवळ पेटी काढून तेथे बाकडे बसवणे नव्हे. पोत्याला धक्के बसले तरी चालते, माणसाला ते सोसत नाहीत. त्यामुळे मागील चाकांवरच्या स्प्रिंगा प्रवाशांच्या मानाने मऊ असाव्या लागतात. मागच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरता यावे, म्हणून त्यांच्यामध्ये डिफरन्शियल हा दंतचक्रांचा संच आवश्यक असतो. ऊन-पावसापासून संरक्षणासाठी हूड, चढण्या-उतरण्यासाठी खाली घेतलेली फळी आणि भाडे मोजण्यासाठी मीटर हीदेखील प्रवासी वाहनाची अंगे आहेत.

स्कूटरचे काही अवशेष मात्र रिक्षेत कायम राहिले. सुकाणूचक्राऐवजी हँडल, डाव्या मुठीत क्लच व गिअर आणि पुढे एकच चाक ही रचना स्कूटरचीच होय. भारतात अनेक वर्षे चाललेल्या रिक्षांमध्ये एक सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन चालकाच्या आसनाखाली असे व ते हाताने दांडा ओढून सुरू करावे लागे. पुढे एकच चाक असल्यामुळे ही गाडी अरुंद गल्लीत सहज वळते. जुन्या पेठांची दाट वस्ती असलेल्या शहरांत ती लवकर रुळली, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

परवान्याचा प्रश्न

वाहन तयार होणे आणि ते भाड्याने रस्त्यावर धावणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानुसार भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनास शासनाचा परवाना आवश्यक होता. स्कूटरच्या हँडलवर चालणारी, दारे नसलेली तीनचाकी गाडी प्रवाशांसाठी सुरक्षित आहे, हे आधी शासनाला पटवावे लागणार होते. मोरारजी देसाई हे तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. नवलमल यांनी त्यांच्याकडे या वाहनाचा पाठपुरावा केला आणि अखेर परवानगी मिळवली. कायद्याची जाण आणि सार्वजनिक जीवनातील ओळख या दोन्ही गोष्टी त्यांना येथे उपयोगी पडल्या असणार. पुणे हे ऑटोरिक्षा सुरुवातीच्या काळात स्वीकारणाऱ्या शहरांपैकी एक ठरले.

या बदलाची दुसरी बाजूही होती. रिक्षा जसजशा वाढल्या तसतसे टांगे मागे पडले आणि टांगेवाल्यांचा परंपरागत व्यवसाय संपत गेला. दुसरीकडे, थोड्या भांडवलात स्वतःच्या मालकीचे वाहन घेता येत असल्याने शहरात आलेल्या असंख्य तरुणांना रिक्षेने स्वयंरोजगार दिला.

समकालीन रूपांतरे आणि श्रेयाचा प्रश्न

तीनचाकी वाहनाचा शोध नवलमल यांनी लावला, असे म्हणणे योग्य होणार नाही. जपानमध्ये मोटारसायकलचा पुढचा भाग असलेली 'माझदा-गो' ही मालवाहू तीनचाकी १९३१ पासून बनत होती, आणि आपेचे श्रेय पियाज्जोचे आहे. भारतातही दुसरे उदाहरण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने टाकून दिलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे दोन चाके व प्रवाशांसाठी बाके जोडून दिल्लीतील कारागिरांनी 'फटफटी' तयार केल्या. चांदनी चौकाच्या परिसरात त्या १९९८ मध्ये प्रदूषणामुळे बंद होईपर्यंत धावत होत्या. अमेरिकेत युद्धानंतर अशाच जुन्या मोटारसायकली घरच्या गॅरेजमध्ये कापून, अनावश्यक भाग काढून, मालकाच्या आवडीप्रमाणे नव्याने घडवण्याची प्रथा वाढली व तिच्यातून 'चॉपर' हा प्रकार जन्मास आला. एकाच जातीच्या जुन्या यंत्राला तेथे एका स्वाराच्या हौसेसाठी हलके केले गेले, तर येथे अनेकांच्या पोटापाण्यासाठी लांब केले गेले.

फटफटी ही प्रत्येक कारागिराच्या हातची वेगळी वस्तू होती; जुन्या मोटारसायकलींचा साठा संपला की तिचा विस्तारही थांबणार होता. नवलमल यांचे कार्य यापुढचे आहे. परवाना मिळणारे, कारखान्यात एकसारखे बनणारे आणि सुटे भाग कोठेही मिळतील असे वाहन या रूपांतरातून उभे राहिले. त्यांचे श्रेय शोधापेक्षा या जुळवणीत आहे.

बजाज ऑटो आणि बजाज टेंपो

१९५९ मध्ये बछराज ट्रेडिंगला भारतात दुचाकी व तीनचाकी बनवण्याचा शासकीय परवाना मिळाला. हीच कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. पियाज्जोच्या सहकार्याने तिने स्कूटर व ऑटोरिक्षा यांचे उत्पादन केले. नवलमल यांनी काही काळ या कंपनीचे मुख्य कार्यकारी पद सांभाळले.

त्याआधी १९५८ मध्ये हँबुर्गच्या फिडाल अँड झोन या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेंपोची स्थापना झाली होती. मुंबईतील गोरेगाव येथे 'टेंपो हॅन्सिएट' या मालवाहू तीनचाकीचे उत्पादन सुरू झाले व नंतर कारखाना पुण्याजवळ आकुर्डी येथे आला. या गाडीत सुमारे ४०० घनसेंटिमीटरचे इंजिन पुढील चाकाशी बसवलेले असून तेच चाक गाडी ओढत असे. जर्मनीत तिचे उत्पादन १९५६ मध्येच थांबले होते. भारतात मात्र ती नंतरही अनेक दशके बनत राहिली. ग्रामीण महाराष्ट्रात तिच्यात बाके टाकून प्रवासी वाहतूकही होत असे. 'टेंपो' हे मूळचे कंपनीचे नाव मराठीत छोट्या मालवाहू गाडीचे सामान्यनाम बनले. आज कोणत्याही कंपनीच्या गाडीला, भाजी असो वा वऱ्हाड, टेंपोच म्हणतात.

१९६८ च्या सुमारास बजाज व फिरोदिया यांची भागीदारी संपुष्टात आली. बजाज ऑटो राहुल बजाज यांच्याकडे राहिली आणि बजाज टेंपो फिरोदियांकडे आली. त्यामुळे ज्या ऑटोरिक्षेशी नवलमल यांचे नाव जोडले गेले, ती पुढे बजाज या नावाने देशभर ओळखली गेली. वेगळे झाल्यानंतर बजाज टेंपोने मॅटॅडोर ही चारचाकी आणली व ती शाळा, रुग्णालये आणि छोटे व्यापारी यांच्या वापरात दीर्घकाळ राहिली. २००५ मध्ये या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स असे झाले.

नगर जिल्हा आणि वाहन उद्योग

नवलमल यांचे बंधू हस्तीमल (एच. के.) फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग ही कंपनी स्थापन केली. १९७२ मध्ये तिने नगर येथील कारखान्यातून ५० घनसेंटिमीटरची लुना ही मोपेड बाजारात आणली. लुनामुळे स्कूटरही न परवडणाऱ्या शिक्षक, कारकून व शेतकऱ्यांच्या दारात पहिल्यांदा स्वयंचलित दुचाकी आली. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था तसेच लष्कराचे रणगाडा संग्रहालयही नगरमध्येच आहे.

निधन आणि वारसा

नवलमल फिरोदिया यांचे १९९७ मध्ये निधन झाले. त्यांचे पुत्र अभय फिरोदिया यांनी कंपनीची धुरा पुढे सांभाळली. पुण्यातील डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या विधी महाविद्यालयास श्री नवलमल फिरोदिया यांचे नाव देण्यात आले आहे. वाहन उद्योगात आयुष्य घालवलेल्या या वकिलाची स्मृती अशा रीतीने कायद्याच्या शिक्षणाशीही जोडली गेली आहे.

हाताने ओढण्याची रिक्षा मात्र त्यांच्या हयातीत पूर्णपणे नाहीशी झाली नाही. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये ती एकविसाव्या शतकातही चालू राहिली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करण्याचा आदेश दिला.