अरणचे संत सावता माळी

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ अरण नावाचे एक लहान शेतकरी गाव आहे. पंढरपूर येथून फार दूर नाही. याच गावी इ. स. 1250 च्या सुमारास संत सावता माळी यांचा जन्म झाला. पिता परसोबा व माता नांगिताबाई यांच्या धार्मिक घरात ते वाढले. संत ज्ञानेश्वर व संत नामदेव यांचे ते समकालीन होत.

फुले, फळे व भाजीपाला पिकविणे हा त्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या प्रदेशात मळा जगविणे म्हणजे रोजचीच कसोटी. पहाटे मोट धरावी, पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरवावे, तण खुरपावे. एक दिवसही खाडा चालत नसे. वारकरी पंढरीच्या वाटेने जात असता सावतोबा मळ्यातच राहत. रोपे तहानलेली टाकून तीर्थास जावे, की हाती आलेले काम सोडू नये? त्यांनी कामाची वाट निवडली. मळ्यातील हिरव्या पाल्यात व विहिरीवरील अवजारांत त्यांनी विठ्ठल पाहिला. मातीत राबणाऱ्याला देवापाशी पोहोचण्यासाठी कर्मकांडाची वा उच्च कुळाची अट नाही, हे त्यांनी आपल्या जगण्यातून दाखविले.

पत्नी जनाबाई, पुत्र विठ्ठल व कन्या नागाताई असा त्यांचा संसार होता. सासरची मंडळी घरी आली असता ते भजनात दंग राहिले आणि पत्नी रुसली, अशीही एक आठवण परंपरेने जपली आहे. संतांच्या घरीही रुसवेफुगवे असतात. सावतोबांनी प्रेमाने तिची समजूत घातली.

त्यांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले. आज त्यांपैकी सदतीस उपलब्ध आहेत. संख्येने थोडे, परंतु शेतकऱ्याच्या रोजच्या बोलीने रसरशीत.

इ. स. 1295 मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीस, अरण येथेच त्यांनी देह ठेवला. मळ्यातच त्यांची समाधी आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांच्या भेटीला मात्र पांडुरंगाची पालखी अरणला येते. जो काम सोडून देवाकडे जाऊ शकला नाही, त्याच्या बांधावर देवच येतो, ही लोकश्रद्धा सात शतकांनंतरही कष्टकऱ्यांना धीर देत आहे.