पोर्ट वाईनचा रंग आणि पोंबालचा हुकूम

सेबास्तियांव जुझे द कार्व्हालो इ मेलु, म्हणजेच पुढचा मार्किस द पोंबाल, याचा जन्म १३ मे १६९९ रोजी लिस्बन येथे झाला. लंडन व व्हिएन्ना येथील दरबारांत पोर्तुगालचा प्रतिनिधी म्हणून काम केल्यावर १७५० मध्ये तो राजा जुझे पहिला याचा मंत्री झाला. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले लिस्बन त्यानेच नव्याने उभारले.

त्याच सुमारास दोरू नदीच्या खोऱ्यातील तांबड्या वाईनची पत ढासळली होती. हलक्या मालाला गडद रंग यावा म्हणून तीत एल्डरबेरीचा रस मिसळला जाई. इंग्लंडमधील मागणी घटली, भाव कोसळले. १७५६ मध्ये पोंबालने या व्यापारासाठी कंपनी स्थापन केली, उत्तम द्राक्षमळ्यांच्या सीमा ग्रॅनाईटचे खांब रोवून आखल्या आणि एल्डरबेरीची झाडे उपटण्याचा हुकूम सोडला.

या शिस्तीची किंमत गोरगरिबांनीही मोजली. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ मध्ये पोर्तू शहरात दंगल उसळली, तेव्हा त्याने अनेकांना फासावर चढवले.

गोव्यालाही याच कठोर हाताचा स्पर्श झाला. १७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून जेझुइटांची हकालपट्टी झाली. १७६१ च्या आदेशाने एतद्देशीय ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगिजांच्या बरोबरीचे हक्क देण्यात आले, तर १७७४ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशन बंद झाले. मात्र १७७७ मध्ये राजा वारला आणि पोंबालची सत्ता संपली. इन्क्विझिशन पुन्हा सुरू झाले. ते कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडावे लागले. राणी मारिया पहिली हिने दरबारापासून दूर ठेवलेला पोंबाल ८ मे १७८२ रोजी निवर्तला.

पुढे आडव्या ठेवता येतील अशा नळकांड्या आकाराच्या बाटल्या रूढ झाल्या आणि दोरूची वाईन दशकानुदशके मुरू लागली. तेथील जुन्या मळ्यातील उत्तम सालाची पोर्ट तरुणपणी काळसर जांभळी व तुरट असते. काही दशकांनी ती विटकरी होते, तळाशी गाळ साचतो, तुरटपणा निवळून सुक्या अंजिराची व अक्रोडाची चव उतरते. जाणकार पेला उजेडात धरून रंगावरून तिचे वय जोखतो. तो रंग केवळ द्राक्षांचा असला तरच ही पारख खरी ठरते. पोंबालच्या हुकमाने जपला तो हाच विश्वास; त्यासाठी पोर्तूत सांडलेले रक्त मात्र पेल्यात दिसत नाही.